बोटीवरची सुट्टी आणि बोटीवरची माणसं



कोकणातल्या बंदरांवरचं मागचं व्याख्यान संपलं, आम्ही कागद आवरत होतो, तेवढ्यात वसईचं एक जोडपं भेटायला आलं. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. त्यांचा धाकटा मुलगा ‘शिपवर’ आहे, म्हणजे एका मोठ्या क्रूझ जहाजावर वेटर आहे. कर्मचाऱ्यांच्या आईवडलांना कंपनी सवलतीत सहल देते. काकूंना जायचं होतं, काकांना नव्हतं. काकांचं म्हणणं, “सात दिवस पाण्यावर बसून नुसतं खायचं, आणि वाढणार कोण, तर आपलाच पोरगा. ही कसली सुट्टी?” काकू म्हणाल्या, “तो इतकी वर्षं जिथे राहतो ती जागा मला एकदा बघू दे की.” आणि मग दोघांनी आमच्याकडे पाहिलं. इतिहासवाल्यांना लोक असे प्रश्न का विचारतात कोण जाणे. पण तो प्रश्न आम्ही घरी घेऊन गेलो आणि आजचं व्याख्यान त्यातून झालं.

क्रूझचे फायदे आणि तोटे असा तक्ता काढायला आम्ही बसलो होतो. अर्ध्यावर सोडून दिला. कारण डाव्या बाजूची प्रत्येक गोष्ट इतिहासात थोडी मागे नेली की उजव्या बाजूच्या गोष्टीला जाऊन चिकटत होती. हे असं का होतं, ते बघू.

आधी एक फरक लक्षात घ्या. जहाजाने प्रवास करणं वेगळं आणि जहाजावर सुट्टी घालवणं वेगळं. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून पणजीला बोट जायची, ती पहिल्या प्रकारातली. वळकट्या, फणस, कोंबड्या, डेकवर पसरलेली माणसं. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत बोट जायची, आणि जिथे धक्का नाही तिथे पडावात उतरायचं, तेही लाट वर येईल तेव्हा. त्या बोटीत कुणी सुट्टी घालवायला बसत नव्हतं. सुट्टी गावात होती, बोट ही मधली अडचण. क्रूझमध्ये हे बरोबर उलटं झालं. गाव हे निमित्त आणि बोट हेच गाव. हा उलटा फेर कधी झाला?

सुरुवात सापडते १८४४ साली. पी अँड ओ कंपनी तेव्हा टपालाची वाहतूक करायची. टपालाचं सरकारी कंत्राट मिळालं की बोट वेळेवर सोडावीच लागते, प्रवासी असोत नसोत. मग रिकाम्या खोल्यांचं काय करायचं? कंपनीने विल्यम मेकपीस ठाकरे या लेखकाला भूमध्य समुद्राची फुकट सफर दिली. त्याने परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं, ते १८४६ साली छापून आलं. आज कंपन्या इन्स्टाग्रामवाल्यांना फुकट नेतात, तोच हा प्रकार. (हशा) गंमत बाजूला ठेवू, पण मुद्दा टिपून ठेवा : क्रूझ जन्माला आली ती प्रवाशाच्या हौसेतून नव्हे, मालकाच्या रिकाम्या खोलीतून.

दुसरं पाऊल जर्मनीत पडलं. हॅम्बुर्गची हापाग कंपनी युरोपातून अमेरिकेला स्थलांतरित नेण्यात मोठी झालेली. तिचा सूत्रधार आल्बर्ट बॅलिन. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक इतका खवळतो की श्रीमंत प्रवासी फिरकत नाहीत, आणि सर्वांत महागडी जहाजं नेमकी तेव्हा बंदरात उभी. बॅलिनने १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवासी घेऊन दक्षिणेला, भूमध्य समुद्रात, सुमारे दोन महिन्यांसाठी पाठवलं. तो स्वतः बायकोसह त्यावर होता. सफर यशस्वी झाली. मग त्याने खास सहलीसाठीच जहाज बांधून घेतलं, ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईजे’. त्यात माल नाही, टपाल नाही, स्थलांतरित नाहीत, फक्त पहिला वर्ग. डिसेंबर १९०६ मध्ये ते जमैकाच्या किनाऱ्यावर खडकावर चढलं. प्रवासी सगळे वाचले, कप्तानाने मात्र खोलीत जाऊन स्वतःला गोळी घातली.

इथपर्यंत हा श्रीमंतांचा खेळ होता. पण आता जी गोष्ट सांगतो ती आजच्या विषयाचा कणा आहे, म्हणून जरा सावकाश.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. अमेरिकन ध्वजाच्या प्रवासी जहाजांवरही दारू वाढता येईना, आणि इंग्रज जहाजं समोरून गिऱ्हाईक पळवू लागली. १९२२ साली हॅरिमन यांच्या अमेरिकन कंपनीने ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ ही आपली दोन जहाजं पनामाच्या नोंदवहीत घातली. मालक अमेरिकन, प्रवासी अमेरिकन, आणि मागे फडकणारा झेंडा पनामाचा. जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. झेंडा बदलला, बार उघडला.

सुरुवात दारूपासून झाली. पण एकदा कळलं की झेंडा विकत मिळतो, म्हटल्यावर त्या झेंड्याखाली काय काय आलं बघा. पगाराचे नियम आले, कामाचे तास आले, करही आला. पुढे क्रूझच्या धंद्यातल्या दोन सर्वांत मोठ्या अमेरिकन कंपन्यांपैकी कार्निव्हल नोंदली गेली पनामात आणि रॉयल कॅरिबियन लायबेरियात. दोघींची मुख्य कचेरी मायामीत. जहाजं बहुतेक बहामा, पनामा वगैरेंच्या झेंड्याची. यात बेकायदा काही नाही, हे स्पष्ट सांगतो. सगळं कायद्याने आहे. फक्त कायदा निवडून घेतलेला आहे.

आता प्रवाशाच्या बाजूने पाहा. सात दिवस राहणं, चार वेळचं जेवण, रोज संध्याकाळी नाटक-संगीत, आणि हे एखाद्या बऱ्या हॉटेलच्या भाड्यात. हे परवडतं कसं? जहाज मोठं असल्यामुळे परवडतं, हे खरं आहेच. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्या झेंड्यात आहे.

मधली पन्नास वर्षं आम्ही भरभर ओलांडतो. नाझी जर्मनीने कामगारांसाठी सरकारी सहली काढल्या, त्यासाठी ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ हे एकाच वर्गाचं जहाज बांधलं. समता दाखवायची होती, ती छायाचित्रांत छान दिसते. जानेवारी १९४५ मध्ये ते निर्वासितांनी गच्च भरलेलं असताना सोव्हिएत पाणबुडीने बुडवलं. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. मग १९५८ साली अटलांटिकवरून जेट विमानं उडू लागली आणि दहा-पंधरा वर्षांत समुद्रमार्गे प्रवास करण्याचं कारणच संपलं. पुन्हा तीच परिस्थिती : महागडी जहाजं, रिकाम्या खोल्या.

१९६६ च्या डिसेंबरात नॉर्वेचा क्नूट क्लोस्टर आणि इस्रायलमधून आलेला टेड ॲरिसन यांनी मायामीहून ‘सनवर्ड’ नावाची बोट बहामाला सोडायला सुरुवात केली. पुढे दोघांचं बिनसलं. ॲरिसनने १९७२ साली कार्निव्हल काढली. जुनी ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ विकत घेऊन नाव ठेवलं ‘मार्डी ग्रा’. पहिल्याच फेरीला ती मायामीच्या किनाऱ्यासमोर वाळूत रुतली, आणि बोटीवर होते तिकिटं विकणारे शेकडो एजंट! तरी कंपनी तरली. १९७७ पासून ‘द लव्ह बोट’ ही मालिका अमेरिकेतल्या घराघरांत गेली आणि क्रूझ म्हणजे म्हाताऱ्या श्रीमंतांचा उद्योग हा समज मोडला.

या काळातलं एक जहाज मात्र आपल्याला थांबून बघायला हवं, कारण त्याचा शेवट आपल्या किनाऱ्यावर झाला. ‘फ्रान्स’ हे फ्रेंच राष्ट्राच्या अभिमानाचं जहाज, लांबी ३१५ मीटर, पहिली फेरी १९६२ साली. म्हणजे विमानांनी धंदा खाल्ल्यावर. तेल महागलं, सरकारने हात आखडता घेतला, १९७४ मध्ये ते बंद पडलं. १९७९ मध्ये क्लोस्टरने घेतलं आणि जर्मनीत नेऊन त्याचे चार पंख्यांपैकी दोन काढून टाकले. अटलांटिक पाच दिवसांत ओलांडण्यासाठी बांधलेलं जहाज! त्याला आता कुठे पोचायचंच नव्हतं, मग वेग कशाला? जो वेग हा अभिमान होता तोच खर्च झाला. ‘नॉर्वे’ या नावाने १९८० पासून ते कॅरिबियन समुद्रात सावकाश फिरू लागलं. हे आठवलं की आजची क्रूझ काय चीज आहे ते एका चित्रात कळतं.

मे २००३ मध्ये मायामी बंदरात त्याचा बॉयलर फुटला. आठ कर्मचारी गेले. प्रवासी एकही नाही, कारण प्रवासी त्या मजल्यांवर नसतातच. २००६ साली ते ‘ब्लू लेडी’ या नावाने गुजरातेत अलंगला मोडायला आलं. आतल्या ॲसबेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००७ मध्ये मोडायची परवानगी मिळाली. ज्या जहाजाच्या काचेच्या दालनांत फ्रान्सच्या बड्या लोकांनी मेजवान्या झोडल्या, ते भरतीच्या पाण्यावरून वाळूत ओढून हाताने तोडलं गेलं. क्रूझच्या जमाखर्चात हे पान सहसा कुणी लावत नाही.

त्यानंतर जहाजं वाढतच गेली. १९८८ ची ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ सुमारे ७३ हजार टनांची, जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ २ लाख ४८ हजार टनांची. ‘टायटॅनिक’ ४६ हजारांची होती, म्हणजे पाचपटीहून जास्त. (हा टन वजनाचा नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचा असतो.) बॅलिनचं ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ साडेसात हजार टनांचं होतं. ‘आयकॉन’ पूर्ण भरली तर तिच्यावर साडेसात हजार प्रवासीच मावतात. वर २,३५० कर्मचारी. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपंचायत लागते.

आता फायद्यांविषयी प्रामाणिकपणे बोलू, कारण व्याख्यानात सुखांची टिंगल करणं फार सोपं असतं. बॅग एकदा उघडायची, एकदाच भरायची. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना ही चैन नाही, सोय आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वीस मजले लिफ्टने फिरता येतात, ही सोय युरोपातल्या जुन्या शहरांत नाही. आजी, नातवंडं, सून सगळे एकत्र, आणि स्वयंपाकघरात कुणालाच जायचं नाही. सुट्टीतही चहा कोण टाकणार हा प्रश्न ज्या बाईच्या मानेवर बसलेला असतो तिला विचारा या सात दिवसांची किंमत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर तर जैन जेवणही मिळतं. या सुखाला नाकं मुरडणारे बहुधा स्वतः कधी चहा टाकत नाहीत.

पण बघा, हे सगळं सुख जहाज ‘पूर्ण’ असण्यातून येतं. बाहेरचं काही लागत नाही. आणि तेच किनाऱ्याचं दुखणं आहे. प्रवासी सकाळी हजारोंनी उतरतात, रस्ते भरतात, आणि जेवायला परत बोटीवर, कारण तिथलं जेवण आधीच भरलेल्या पैशांत आहे. व्हेनिसमध्ये घरांच्या कौलांपेक्षा उंच जहाजं कालव्यातून जायची. जून २०१९ मध्ये एक जहाज धक्क्यावर आणि तिथल्या प्रवासी बोटीवर आदळलं. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना ज्युडेका कालव्यात बंदी झाली. कॅरिबियनमध्ये कंपन्यांनी याच्याही पुढची युक्ती काढली : बेटच घ्यायचं. १९७७ साली बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट क्लोस्टरच्या कंपनीने विकत घेतलं, मग इतरांनीही घेतली. म्हणजे उतरलात तरी बोटीवरच.

धुराचं आणि सांडपाण्याचंही तसंच. पाण्यावर कुणाचं घर नसतं. जहाजांच्या इंधनात गंधक साडेतीन टक्के चालायचं, ते १ जानेवारी २०२० पासून अर्ध्या टक्क्यावर आलं. डिसेंबर २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेस कंपनीने तेलकट पाणी चोरनळीने समुद्रात सोडल्याचा गुन्हा कबूल केला, दंड ४ कोटी डॉलर. पकडून कुणी दिलं? त्याच जहाजावरच्या एका नव्या इंजिनिअरने.

आणि आता वसईच्या काकांच्या प्रश्नाकडे. वाढणार कोण?

हा प्रश्न या किनाऱ्याला दीडशे वर्षांहून जुना आहे. पी अँड ओच्या बोटींवर मुंबईत माणसं भरली जायची तेव्हा कामाची वाटणी ठरलेली होती : डेकवर गुजरात आणि रत्नागिरीकडचे खलाशी, खाली भट्टीवर पंजाब आणि सरहद्द प्रांतातले लोक, आणि जेवणाच्या दालनात गोवेकर. सारंग, टिंडेल, भंडारी हे हुद्दे इंग्रजांनीही तसेच उचलले. ‘लस्कर’ खलाशांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली, झोपायची जागाही कमी. कायद्यातच तशी तरतूद होती. गोव्यातला माणूस मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये पेटी ठेवायचा. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी खोली. तिथे संध्याकाळी प्रार्थना, पत्ते, आणि बोट मिळायची वाट. कोकणीत अशा माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. सासष्टी-बार्देशातली कितीतरी घरं तारवट्याच्या पैशावर उभी आहेत. ओसरीचं काम एका करारात, कौलांचं पुढच्या.

आता जुना लस्कर आणि आजचा क्रूझवरचा वेटर एकच, असं आम्ही म्हणणार नाही. ते अन्यायाचं होईल. आज आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. तो २०१३ साली अंमलात आला, भारताने २०१५ साली मान्य केला. पण त्याची मर्यादा काय, तर दिवसाला जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्याला ७२. ही मर्यादा आहे, आणि ती सुधारणा म्हणून आलेली आहे! सहा ते नऊ महिने सलग, साप्ताहिक सुट्टी नाही. त्या बदल्यात, शिकलेल्या पण ओळखीपाळखी नसलेल्या पोराला गावात मिळणार नाही एवढा पगार, राहणं-जेवण फुकट, आणि चार वर्षांत बहिणीचं लग्न किंवा घराचा हप्ता फिटतो. म्हणून रांग लागते. पोरं फसून जात नाहीत, हिशेब करून जातात. काकांचा मुलगाही तसाच गेला असणार.

हा हिशेब कुठे कोसळतो ते २०२० च्या फेब्रुवारीत दिसलं. योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली. जहाजावर ३,७११ माणसं. जहाजाचा झेंडा ब्रिटिश, कंपनी अमेरिकन, बंदर जपानी. जबाबदारी नेमकी कुणाची? प्रवाशांना खोलीत कोंडलं, ते एकपरीने बरोबरच. पण कोंडलेल्यांना जेवण नेऊन कोण देणार? ज्यांना एकेका खोलीत दोघं-दोघं राहायचं होतं तेच. ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले सहा प्रवासी आणि १३२ कर्मचारी. हे आकडे एवढ्यासाठी सांगतो की आपलं आणि क्रूझचं नातं काय, ते या दोन आकड्यांतच आहे. आपण आता कुठे प्रवासी म्हणून चढू लागलोय. वाढायला आपण पहिल्यापासून आहोत.

त्याआधी २०१२ च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडली, ३२ जण गेले. त्यांतला शेवटचा मृतदेह २०१४ च्या नोव्हेंबरात, जहाज मोडताना सापडला. तो मुंबईकडच्या एका भारतीय वेटरचा होता. लोकांना बाहेर काढायला तो मागे राहिला होता असं वाचलेल्यांनी सांगितलं.

तर काका-काकूंना आम्ही काय सांगितलं? फोनवर आम्ही म्हटलं, जा. पण तिकिटाआधी तीन गोष्टी मुलालाच विचारा. जहाजाचा झेंडा कुठला. तुम्ही द्याल ती टिप त्याच्या हातात पडते की पगारातच धरलेली आहे. आणि त्याचा करार संपत आलाय की नुकता सुरू झालाय, म्हणजे तो तुम्हाला भेटेल तेव्हा किती दमलेला असेल. शिवाय आजारपणात बोटीवरचा दवाखाना फार महाग पडतो, तेव्हा प्रवासविमा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जातो. पण त्याच्या टेबलावर मी बसणार नाही. दुसरीकडे बसेन.” मागून काकूंचा आवाज आला, “मी त्याच्याच टेबलावर बसणार. आणि त्याने वाढलं की त्याला विचारणार, तू जेवलास का?”

ती दोघं आज सभागृहात आहेत की बोटीवर, ते आम्ही सांगणार नाही. (हशा) वेळ झालीय. प्रश्न घेऊ या.